डब्यात राहिलेल्या ६४ गोळ्या

निपाणी तालुक्यातल्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून मजकूर थोडक्यात असा:

‘माझे मालक ३६ वर्षांचे आहेत. कागल एमआयडीसीत एका फौंड्रीत कंत्राटावर काम करतात. तीन महिन्यांपूर्वी खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं सुरू झालं. गावच्या सरकारी दवाखान्यात कफ तपासला, टीबी निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या. दोन महिने घरी होते तोवर सगळ्या घेतल्या, एकही चुकली नाही. नंतरच्या तपासणीत कफ स्वच्छ आला आणि ते कामावर गेले. पाळी आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीला रात्री परतायला बस नसते, म्हणून तो आठवडा ते कागलला मित्राच्या खोलीवर राहतात. कामावर गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत जेमतेम १२ दिवस गोळ्या घेतल्या, कागलच्या आठवड्यात एकही नाही. शनिवारी पितात, त्या दिवशी घेत नाहीत. एकदा आशाताई घरी आल्या तेव्हा मालकांच्या कामावरचा माणूस बसला होता. त्या दिवसापासून, म्हणजे ११ दिवस झाले, गोळ्या पूर्ण बंद. “मी बरा आहे, उष्णता होते, लघवी लाल होते” म्हणतात. सासूबाई त्यांचीच री ओढतात. नणंदेचं लग्न जमवायचं आहे, म्हणून गावात न्यूमोनिया झाला होता असं सांगितलंय. आशाताई पाकिटं मोजायला आल्या तेव्हा मी राहिलेल्या गोळ्या काढून बिस्किटांच्या डब्यात लपवल्या आणि रिकामी पाकिटं दाखवली. त्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या देऊन गेल्या. माझा भाऊ म्हणतो, गोळ्या कुटून दुधातून दे, नाहीतर माहेरी यायची धमकी दे. माणूस बेफिकीर आहे हो. त्यांना वळण कसं लावू? चार वर्षांची मुलगी आहे.’

ताई,

‘बेफिकीर’ हा तुमचा शब्द तुमच्याच पत्रातल्या एका आकड्याशी जुळत नाही. घरी असताना यजमानांनी ५६ दिवसांचे ५६ डोस घेतले. मळमळ, तोंडाची कडू चव, सांधेदुखी, हे सगळं ह्याच दोन महिन्यांत जास्त असतं, आणि तेवढ्यातही एक दिवस चुकला नाही. बेफिकीर माणसाला हे जमत नाही. ५७व्या दिवशी कुणाचा स्वभाव पालटत नाही, दिनक्रम पालटतो. तेव्हा वळण लावायचा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि ५७व्या दिवसापासून घरात, कामावर आणि त्यांच्या मनात काय काय बदललं ते बघू.

पण आधी घाईचं. तुमच्याकडे वेळ आहे, मात्र थोडा. उपचार सलग एक महिना किंवा जास्त थांबला तर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या रुग्णाची नोंद ‘उपचार सोडलेला’ अशी होते आणि सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते. त्याहून कमी खंड असेल तर सहसा तोच उपचार पुढे चालतो आणि बुडालेले डोस शेवटी जोडून घेतात. सहा महिन्यांच्या उपचाराचं गणित महिन्यांवर नसतं, डोसांवर असतं. पहिल्या टप्प्यात ५६, दुसऱ्यात ११२, एकूण १६८. तुमच्या हिशेबाने ५६ आणि १२ मिळून ६८ झाले. उरले बरोबर १००. हा आकडा यजमानांना सांगा. ‘सहा महिने बुडाले’ हे ओझं आहे, ‘शंभर राहिले’ हे काम आहे.

म्हणून उद्याच दवाखान्यात जा. परवा त्यांची पाळी सोयीची असली तरी उद्याच. आधी डॉक्टरांना दाखवा, मग गोळ्या सुरू करा. मधल्या काळात डोळे पिवळे झाले होते का, सतत उलट्या होत होत्या का, हे त्यांनी बघायला हवं. कफ पुन्हा तपासायला सांगा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ह्या यंत्रावर केलेल्या तपासणीत रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हेही कळतं. आणि भरपाई म्हणून एका दिवशी दोन दिवसांच्या आठ गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत. त्याने बुडालेला दिवस भरून निघत नाही, यकृतावर मात्र ताण पडतो.

आता जे लिहितो ते दोष देण्यासाठी नाही. रिकामी पाकिटं दाखवलीत ती कुटुंबाची लाज राखायला, हे कळतं. पण त्याचा परिणाम असा झाला की डॉक्टरांच्या नोंदीत आज ८४ डोस आहेत आणि यजमानांच्या शरीरात ६८. ह्या खोट्या हिशेबावर उपचार चालला तर १६ डोस कमी असताना ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडेल. त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी खोकला परत आला तर ‘औषधं पूर्ण घेऊनही आजार उलटला’ असं समजून डॉक्टर चुकीच्या वाटेने शोध घेतील. आशाताईंना खरं सांगा. गोळ्या चुकल्याचं कबूल केलं म्हणून कुणाचं औषध बंद होत नाही, नाव कापलं जात नाही. उलट कमी पडलेले डोस मोजून मिळतात. सगळ्या उपायांत हा पहिला, आणि तो पूर्ण तुमच्या हातातला आहे. त्याला यजमानांच्या होकाराची गरज नाही.

पाकिटं दुसऱ्या टप्प्यात बदलली, हे कुणी नीट समजावलं होतं का? पहिल्या दोन महिन्यांच्या एका गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. कफ स्वच्छ आल्यावरच्या गोळीत पायराझिनामाइड नसतं, बाकीची तीन असतात. पाकीट वेगळं, औषध एकाने कमी, खोकला गेलेला, वजन चढलेलं आणि रिपोर्ट ‘निल’. अशा वेळी माणसाने ‘आता नुसती ताकदीची गोळी चाललीय’ असं समजणं अगदी साहजिक आहे. ह्याच टप्प्यावर पुष्कळ लोक थांबतात.

आपल्याकडच्या माणसाला हे हरळीवरून पटकन कळतं. वरून खुरपली की रान आठ दिवस स्वच्छ दिसतं, पण मातीत काशा राहिल्या तर पहिल्या पावसात पुन्हा तेच. पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढणारे जंतू मरतात, म्हणून ताप-खोकला जातो आणि कफात काही दिसत नाही. सुस्त पडून राहिलेले जंतू वाढतच नाहीत, त्यामुळे ते औषधाच्या तडाख्यातही कमी सापडतात. ते वेचायला चार महिने लागतात. अर्धवट सोडलं तर हेच उरलेले जंतू डोकं वर काढतात, आणि कधी घेतली कधी नाही असं चाललं तर औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे तगून राहण्याचा धोका वाढतो.

आता चुकलेले दिवस घेऊन बसू. कामावर गेल्यानंतरच्या पहिल्या २१ दिवसांत ९ दिवस चुकले. त्यातले सहा कागलच्या खोलीवरचे आणि उरलेले तीन बहुधा शनिवार-रविवारचे. म्हणजे चुकण्याची दोन ठिकाणं आहेत आणि दोन्हींवर बोट ठेवता येतं. तुम्ही रोज त्यांना ‘गोळ्या घेतल्या का?’ असं विचारत असाल. ह्या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात, एक खोटं आणि एक भांडणाचं. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिल्या, तेव्हा कुठे होतात?’ ह्याचं उत्तर माणूस आठवून देतो, आणि ते कामाचं असतं.

कागलच्या आठवड्यात गोळ्या घ्यायला त्या खोलीवर होत्या तरी का? तुमच्या पत्रावरून वाटतं, पाकीट घरातच राहत होतं. त्यांनी ते का नेलं नसेल हेही दिसतं. चार जणांच्या खोलीत टीबीचं पाकीट कुठे ठेवणार? तर शनिवारी रात्रीच पुढच्या आठवड्याचा हिशेब करा. सहा दिवसांच्या २४ गोळ्या पाकिटासकट कापून, प्रत्येक दिवसाचा तुकडा वेगळा करून, एका साध्या कोरड्या डबीत द्या. गोळ्या पाकिटातून बाहेर काढायच्या नाहीत, ओल आणि उजेड लागला की औषध उतरतं. खोलीवर कुणी विचारलं तर ‘पित्ताच्या गोळ्या आहेत’ म्हणाले तरी चालेल. कुणाला काय सांगायचं हा त्यांचा हक्क आहे. खरं फक्त दवाखान्यात सांगितलं पाहिजे. एका दिवसाचा जास्तीचा तुकडा पैशांच्या पाकिटातल्या कप्प्यात किंवा डब्याच्या पिशवीत कायम असू द्या. बस चुकली, ओव्हरटाइम लागला, अशा दिवशी तोच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘सकाळी उपाशीपोटी’ हे वाक्य दिवसपाळीच्या माणसासाठी बनलेलं आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या माणसाची सकाळ कुठली? तो दमलेला असतो, जेवतो, झोपतो, दुपारी दोनला उठतो आणि म्हणतो, ‘सकाळ गेली, आता उद्या.’ इथे डोस बुडतो तो सूचना पाळण्याच्या नादात! खरी अट सकाळची नाही. दिवसाला एकदा, आणि पोट रिकामं असताना, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, एवढीच ती आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी उठल्या उठल्या गोळ्या आणि तासाने जेवण. दुसऱ्या पाळीत सकाळी उठल्यावर. पहिल्या पाळीला भल्या पहाटे घाई असेल तर परतल्यावर, संध्याकाळच्या चहा-फराळाआधी. पाळी बदलताना वेळ काही तास पुढे-मागे सरकली तर बिघडत नाही, दिवस कोरडा जायला नको. तिन्ही पाळ्यांच्या तीन वेळा एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

रिकाम्या पोटी मळमळत असेल तर ते सहन करत बसू नये, आणि गोळ्याही सोडू नयेत. थोड्या हलक्या खाण्याबरोबर घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. औषध जरा कमी शोषलं जाईल, पण न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मात्र जळजळ होते म्हणून दुकानातून आणलेली अँटासिडची पुडी गोळ्यांबरोबर घेतली तर आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं.

आणि ‘उष्णता’. लघवी केशरी-लालसर होते ती रिफाम्पिसिनच्या रंगाने. घाम आणि अश्रूंनाही तो रंग येऊ शकतो. त्यात रक्त नसतं, उष्णता नसते, काही नुकसान नसतं. गोळ्या घेतल्यावर काही तास रंग गडद असतो, मग उतरतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर माणूस घाबरत नाही. न सांगितलं तर फौंड्रीच्या भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला ती उष्णताच वाटणार. सासूबाईंनाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, सुनेकडून नको.

खऱ्या धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत आणि त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं, अन्नावरची वासना पूर्ण उडणं, सारख्या उलट्या, पोटात उजवीकडे वर दुखणं, ही काविळीची लक्षणं. नजर धूसर होणं, लाल-हिरवा नीट ओळखू न येणं हे इथॅम्ब्युटॉलमुळे होऊ शकतं. अंगभर पुरळ उठणं हीदेखील खूण. ह्यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना. हातापायाला मुंग्या येत असतील तर गोळ्या थांबवायच्या नाहीत, बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मागायची.

शनिवारचं बोलणं अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. ‘दारू आणि गोळ्या एकत्र नको’ हे त्यांनी कुठेतरी ऐकलंय आणि ते पाळतायत, फक्त उलट्या बाजूने! शनिवारी पितात म्हणून गोळ्या नाहीत, कधी रविवारी उतरलेली नसते म्हणून नाहीत. असे आठवड्याला दोन डोस गेले तर १६ आठवड्यांत ३२. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला पाव हिस्स्याहून जास्त भाग शनिवार-रविवार खाऊन टाकतील. ह्या गोळ्या यकृतातून जातात आणि दारूही, म्हणून उपचार चालू असेतो दारू पूर्ण बंद हाच खरा सल्ला. तो तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी द्यावा. दारू सोडायला औषध आणि समुपदेशन जिल्हा रुग्णालयात मिळतं. पण तोवर त्यांनी ‘प्यायलो, म्हणून गोळी नाही’ असा नियम स्वतःच करू नये. किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगावं आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. विडीचंही तसंच, ओढत असतील तर फुप्फुस बरं व्हायला वेळ लागतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कामावरचा माणूस घरी बसला होता त्या दिवसाचं. त्या क्षणापर्यंत गोळ्या अधूनमधून चुकत होत्या, त्यानंतर बंद झाल्या. तिथे आळस नव्हता. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं ऐकवायला एक वाक्य पुरतं, आणि घरात बहिणीचं लग्न आहे. तुम्ही सगळे मिळून न्यूमोनियाची भिंत बांधताय आणि तिचं सगळं वजन एकट्या यजमानांवर आहे. शिवाय चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी गोळी हातात घेताना चुकलेले चार दिवस डोळ्यांपुढे येतात. त्या लाजेनेही माणूस पाकिटाकडे बघायचं टाळतो. धमकीने ही लाज वाढते, म्हणून भावाचा सल्ला ऐकू नका.

आशाताईंनी घरीच यायला हवं असा नियम नाही. महिन्याच्या गोळ्या दवाखान्यातून तुम्ही आणू शकता. त्या अंगणवाडीत भेटू शकतात, फोनवर विचारू शकतात. उपचारावर लक्ष ठेवणारी व्यक्ती रुग्णाला पसंत असावी लागते, आणि ती घरातली असू शकते. तुम्ही स्वतः, किंवा त्यांचा मित्र, ज्याच्या खोलीवर ते राहतात, जर त्याला सांगायची त्यांची तयारी असेल तर. काही ठिकाणी पाकिटावर दडवलेला क्रमांक गोळी काढल्यावर दिसतो आणि त्यावर फुकट फोन लावला की डोसची नोंद होते. सोय चांगली आहे, पण फोन लावून गोळी डब्यात टाकता येते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुधातून द्यायचा विचार सोडून द्या. औषधी दृष्ट्या ते वाईट आहे, कारण दुधा-अन्नाबरोबर रिफाम्पिसिन कमी शोषलं जातं, कुटलेल्या गोळ्यांची चव लपत नाही आणि अर्धा पेला राहिला तर डोस किती गेला ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकदा कळलं की ते तुमच्या हातचं पाणीही संशयाने पितील. अजून शंभर दिवस त्याच हातातून गोळ्या जायच्या आहेत.

सीमेचंही बघू, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ घरांचा हाच घोळ आहे. घर कर्नाटकात, काम कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्रात. कुणी खानापुरातून गोव्याला जातो, कुणाचं माहेर चंदगड-गडहिंग्लजला. क्षयरोगाची नोंद देशभर ‘निक्षय’ ह्या एकाच यादीत असते आणि रुग्णाला एक आयडी क्रमांक मिळतो. तो कार्डावर असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कागलला कायमचं राहायची वेळ आली तर तो क्रमांक दाखवून उपचार तिकडच्या सरकारी दवाखान्यात बदलून घेता येतो. निघण्याआधी इकडे सांगा आणि हातात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या घ्या, कारण बदलीत दिवस जातात. तिकडे जाऊन नव्याने कफ देऊन नवी नोंद करू नका. दोन नोंदी झाल्या की डोसांची मोजणी फाटते आणि पोषणाच्या सरकारी पैशांतही गोंधळ होतो.

भाषेमुळेही डोस चुकतात. कार्ड कन्नडमध्ये, सूचना घाईत सांगितलेल्या, आणि ‘समजलं ना?’ ह्याला आपण मान डोलावतो. कफ आणि क्षयरोग हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, म्हणून सगळंच समजल्यासारखं वाटतं, पण जेवणाआधी की नंतर, चुकली तर काय, हे निसटतं. मराठीतून पुन्हा सांगा असं म्हणायला लाजू नका, आपल्या भागातल्या बहुतेक आशाताई दोन्ही भाषा बोलतात. समजलं ते त्यांना तुमच्या शब्दांत परत सांगून बघा आणि कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या.

पोषणाचे पैसे मिळतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये आहेत, उपचार सुरू होताना ३००० आगाऊ आणि ८४ दिवस झाल्यावर पुढचे ३०००. आले नसतील तर बहुतेक वेळा कारण बँकेत असतं: खातं व्यवहाराविना बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही किंवा नावाचं स्पेलिंग वेगळं. दवाखान्यात जाताना पासबुक बरोबर घ्या. त्या पैशांची अंडी, दूध, शेंगदाणे आणा. मटकी-हरभऱ्याची उसळ भाकरीबरोबर रोज असू द्या. दर महिन्याला वजन करा, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. उपचारात वजन बरंच वाढलं आणि टप्पा ओलांडला तर डोस बदलावा लागतो. साखर तपासली नसेल तर तीही तपासा, मधुमेह दडलेला असेल तर टीबी लवकर आटोक्यात येत नाही.

आता तुमच्या लेकीचं. पत्रात तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे, मला तो पहिल्या ओळीत हवा होता. रुग्णाबरोबर राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलाची तपासणी झालीच पाहिजे, आणि आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात. हे झालं नसेल तर उद्या तिला बरोबर घेऊन जा. तुमची आणि सासूबाईंचीही तपासणी करून घ्या. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणारे आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण सारखेच बरे झाले, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात आजार जास्त पसरला नाही. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच उतरतो. पण आता खंड पडलाय, म्हणून कफाचा रिपोर्ट येईपर्यंत यजमानांनी मास्क लावावा, खोकताना तोंडावर कापड धरावं आणि लेकीजवळ झोपू नये. घरात विड्या वळत असाल तर तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद आणि खिडकी लावलेली असते. काम व्हरांड्यात न्या, खोली दिवसभर उघडी राहू द्या.

ज्या वाचक भगिनी स्वतः ह्या गोळ्या घेतायत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगतो. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उपचार चालू असेतो दुसरं साधन वापरा आणि डॉक्टरांना विचारा.

यजमानांशी बोलायचं ते सासूबाईंसमोर नको, प्यायले असताना नको. रात्रपाळीनंतर झोप झाली की दुपारी बोला. सुरुवात स्वतःपासून करा: ‘अहो, मी आशाताईंना खोटं सांगितलं, गोळ्या डब्यात लपवल्या. आता मला ते जमायचं नाही. उद्या पोरीला तपासायला नेणार आहे, तुम्हीही चला. नुसता कफ देऊन या.’ शंभर दिवसांचं वचन मागू नका, फक्त उद्याचा कफ मागा. गेले तर पुढचं डॉक्टर बघतील. नाहीच म्हणाले तर तुम्ही लेकीला घेऊन जाच आणि तिथे खरी परिस्थिती सांगा. टीबी विभागाचे पर्यवेक्षक फोनवर किंवा गावाबाहेर भेटून बोलतात, बऱ्या झालेल्या एखाद्या पुरुषाशी गाठ घालून देतात. बायको-आईने शंभरदा सांगितलेलं जिथे लागू पडत नाही तिथे असा माणूस कामी येतो. १८००-११-६६६६ ह्या फुकट क्रमांकावरही विचारता येतं. माहेरी जायचं असेल तर ते लेकीच्या आणि तुमच्या प्रकृतीसाठी जा, धमकी म्हणून नको.

रिपोर्टमध्ये औषधाला न जुमानणारे जंतू निघाले तरी हबकू नका. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि आता काही रुग्णांना तेही सहा महिन्यांतच पूर्ण करता येतात.

आणि तो बिस्किटांचा डबा. त्यात १६ दिवसांच्या चार-चार, म्हणजे ६४ गोळ्या असतील. त्या पुन्हा पाकिटात भरू नका, यजमानांना देऊ नका, चुलीत किंवा गटारात टाकू नका आणि लेकीच्या हाताला लागू देऊ नका. उद्या निघताना डबा तसाच पिशवीत घ्या, कार्ड आणि पासबुकाशेजारी ठेवा, आणि दवाखान्यात गेल्यावर आधी तोच टेबलावर काढा.